अबोला, टेक तीन

जाहिरात हेडफोनची होती. बाहेरचा सगळा गलका बंद करणारे हेडफोन. तिने ओळ लिहिली, 'जगाशी अबोला धरा.' साहेब खूश झाले. ओळ सुचली कुठून, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

तिने कॉलेज सोडलं त्या दिवशी वडिलांनी अबोला धरला. चार वर्षं. मरेपर्यंत. टेबलावर समोरासमोर बसून म्हणायचे, "तिला सांग, पंखा बंद कर." आई सांगायची. आईने चार वर्षं इमानेइतबारे टपाल वाहिलं. 'तुम्हीच बोला की' एवढं एकदा म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

जाहिरात पास झाली तर नोकरी कायम. नाही तर पुन्हा कॉलेज, म्हणजे मेलेला माणूस जिंकला.

जाहिरातीच्या शेवटी तीस सेकंद नुसती शांतता हवी होती. स्टुडिओतली शांतता खोटी वाटते, असं रेकॉर्डिस्टचं म्हणणं. म्हणून भर दुपारी तिने त्याला घरी आणलं आणि वडिलांची खोली उघडली. खुर्ची, चष्म्याचं घर, केसांच्या तेलाचा शिळा वास.

"हलू नका. अबोला, टेक एक."

तीस सेकंदांनी त्याने रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकलं.

"घसा खाकरलात का मॅडम?"

"नाही."

टेक दोन. या वेळी त्याने हेडफोन तिच्या कानांना लावला. भाषण झोडण्याआधी वडील खाकरायचे, हुबेहूब तसंच.

"शेजारी असेल कुणी."

"शेजारी..." तो हळू म्हणाला. "माईकपासून वीतभर अंतरावर आहे हे."

टेक तीन स्वच्छ आहे, असं त्याने सांगितलं. सामान गुंडाळलं, चहालाही थांबला नाही. तिने तो टेक ऐकलाच नाही. तसाच पाठवून दिला.

जाहिरात पास झाली. नोकरी कायम झाली. भेट मिळालेला हेडफोन घरी आणून तिने आईच्या डोक्यावर चढवला आणि जाहिरात लावली.

जाहिरात संपली. आई हेडफोन काढेना. मान एका बाजूला कलती, जेवताना वडिलांकडे कलायची तशी.

"काय गं?"

आईला ते ऐकू गेलं नाही. ती समोरच्या भिंतीशी बोलली, दबल्या आवाजात.

"अहो, ती इथेच बसलीय... आता तुम्हीच बोला की."

मग तिने हेडफोन काढला आणि लेकीपुढे धरला. लेकीने हात मांडीखाली घातले. आईचा हात खाली येईना.