सावध धाटणी

मासळी गोठवण्याच्या त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हल्ली एकच विषय असायचा, तुझी धाटणी कोणती? पूर्वी लोक रास विचारायचे, आता धाटणी विचारत. कोळंबी सोलणाऱ्या बहुतेक बायका ‘हात’ निघाल्या होत्या, म्हणजे करून शिकणाऱ्या. बर्फाच्या विभागातले बशीरभाई ‘गोष्ट’ निघाले. कुठलीही माहिती गोष्ट करून सांगितली की त्यांच्या डोक्यात पक्की बसे, आणि आता मला हुकूमसुद्धा गोष्टीतच सांगा, असं ते साहेबांना ऐकवत. कॅन्टीनवाल्याला कुणी विचारलंच नव्हतं, तरी तो आपली धाटणी ‘चव’ असल्याचं सांगत सुटला होता. त्याची आमटी खाल्लेल्या कुणाचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

हे सगळं आकलनपट्टीमुळे. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे असे माणसांचे तीन डबे करायची जुनी पद्धत शास्त्रज्ञांनी कधीच मोडीत काढली होती. पट्टीचं काम वेगळं होतं. ती कपाळाला बांधायची, मग एकच धडा तऱ्हेतऱ्हेने समोर येई, आणि नेमक्या कुठल्या क्षणी तो मेंदूत मुरला हे ती टिपून घेई. ज्या तऱ्हेने तो मुरला ती त्या माणसाची धाटणी, आणि पुढचं सगळं प्रशिक्षण त्याला त्याच वाटेने मिळायचं.

मंदाकिनी मयेकर यंत्रघरात मदतनीस होती. वय चाळिशीच्या पुढे. कारखान्याची थंडी ज्या अमोनिया वायूवर चालते, त्याच्या कॉम्प्रेसरवर ऑपरेटर व्हायची तिची फार इच्छा होती. पण पुस्तक उघडलं की तिला झोप यायची, आणि परीक्षेत ती दोनदा आपटली होती. म्हणून पावसकरने, कारखान्याच्या तरुण प्रशिक्षकाने, पट्टी सोडवून हसत सांगितलं तेव्हा तिला आधी खरंच वाटेना.

“ताई, तुमची धाटणी ‘सावध’ आहे. धोका दिसला की तुमची बुद्धी लख्ख होते. फार थोड्यांची असते अशी.”

मंदाकिनीने कॅन्टीनमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं.

पहिल्या धड्याला तिने डोळ्यांवर प्रशिक्षणाचा जाड चष्मा चढवला आणि ती आपल्याच यंत्रघरात उभी राहिली. पाइपाच्या सांध्यातून पांढरा धूर येत होता. कुठला व्हॉल्व्ह आधी फिरवायचा हे तिला आठवेना. तेवढ्यात धुरात कुणीतरी खोकलं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिची एकुलती एक मुलगी, केतकी, जमिनीवर पडून श्वासासाठी तडफडत होती.

मंदाकिनीने चष्मा ओढून काढला. “माझ्या पोरीला हितं कुणी आणलंन?”

“फोनमधले फोटो आणि आवाज वापरायला तुम्हीच हो म्हणालात ना?” पावसकर शांतपणे म्हणाला. “कुणाला पाहून तुमचं काळीज सगळ्यात जास्त हलतं ते पट्टीने शोधलं. चित्र आहे ते, ताई. खोटं आहे.”

“खोटं आहे ते मला कळतंय हो. माझ्या हातांना कुठं कळतंय?” चष्मा तिने दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला होता.

“बरं, सांगा बघू, आधी काय बंद करायचं?”

“कॉम्प्रेसर. मग साठवणटाकीचा मुख्य व्हॉल्व्ह. मग पाण्याचा फवारा,” ती एका दमात म्हणाली आणि स्वतःच चकित झाली.

तिने तिथूनच उठून यायला हवं होतं, असं आपण बाहेर बसून म्हणू शकतो. पण जन्मभर मठ्ठ म्हणवून घेतलेल्या बाईला आपणही हुशार आहोत हे पहिल्यांदाच कळलं होतं. त्याची गोडी भलतीच असते. तिने चष्मा पुन्हा चढवला.

मग रोज केतकी धुरात पडू लागली. व्हॉल्व्ह चुकला की ती निपचित व्हायची, बरोबर फिरवला की उठून बसायची. सुरुवातीला घरी केतकी जेवताना नुसती ठसकली तरी मंदाकिनीच्या हातातलं भांडं खाली पडे. “काय गो आई, जिवंत आहे मी!” असं म्हणून केतकी हसायची. हळूहळू भांडी पडायची थांबली. धड्यात पडलेल्या केतकीकडे मंदाकिनी आता दाबमापकाच्या काट्याकडे बघावं तशी बघे आणि व्हॉल्व्हकडे वळे. परीक्षेत ती पहिली आली. कारखान्याने तिला पेढे दिले आणि कॉम्प्रेसर तिच्या ताब्यात दिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी केतकीची स्कूटर पुलाजवळ घसरली. डोक्याला मार लागला होता, डॉक्टर काहीच नक्की सांगत नव्हते. शेजारणी धाय मोकलून रडत होत्या आणि मंदाकिनी दवाखान्याच्या बाकावर ताठ बसली होती. धीराची बाई, असं कुणीतरी म्हणालं. तिला मात्र भीती वाटतच नव्हती. कॉम्प्रेसर, मुख्य व्हॉल्व्ह, फवारा, एवढंच मनात फिरत होतं. तिने स्वतःच्या मांडीला कडकडून चिमटा काढला. डोळ्यांत पाणी आलं नाही.

संध्याकाळी केतकीने डोळे उघडले. “आई, घाबरलीस गो?”

“हो तर,” मंदाकिनी म्हणाली.

केतकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने भिंतीकडे मान वळवली. आणि मंदाकिनी घाबरली ती तेव्हा, स्वतःलाच.

दुसऱ्याच दिवशी तिने पावसकरला गाठलं. “माझं शिकलेलं सगळं काढून घ्या. परत मदतनीस करा. पण माझी भीती मला परत द्या.”

“ताई, शिकलेलं काढता येत नाही. भीती वापरली की थोडी झिजतेच,” तो अवघडून म्हणाला. “पण भीती गेली म्हणून माया थोडीच जाते?”

“माझ्यात ती दोन वेगळी नव्हती हो.”

पावसकरने टेबलावरची पट्टी उचलली. त्याला खरोखरच वाईट वाटलं असावं. “थांबा, नक्की काय झालंय ते पट्टी लावून बघू या,” तो म्हणाला. काहीतरी उपाय निघेल या आशेने मंदाकिनी मुकाट्याने खुर्चीत बसली.

समोरच्या पडद्यावर केतकीचा फोटो आला. काळीज हललं की लागणारा पट्टीवरचा हिरवा दिवा विझलेलाच राहिला. मंदाकिनीने डोळे फाडफाडून पाहिलं, बाळ केतकी आठवली, तिचं पहिलं पाऊल आठवलं. दिवा लागला नाही.

“इथे तर काहीच उरलेलं नाही,” पावसकर पडद्यावर वाचत पुटपुटला. मग त्याचा आवाज बदलला, कामाचा झाला. “यंत्र म्हणतंय, पुढच्या श्रेणीसाठी तुमची निवड झालीय. त्याला फक्त नवा चेहरा हवाय.”

“नको,” मंदाकिनी म्हणाली. तिचे हात पट्टीकडे गेले, पण मागची गाठ सुटेना. पडद्यावर तिच्याच फोनमधले फोटो सरकू लागले. शेजारीण. बशीरभाई. कारखान्याची सहल. कुणाचाही विचार करायचा नाही, असं स्वतःला बजावत तिने डोळे गच्च मिटले, पण त्याच्या आधीच एक फोटो तिला दिसून गेला होता. दापोलीच्या घराच्या ओटीवर आमसुलं वाळत घालणारी, लुगड्यातली एक म्हातारी.

मिटल्या पापण्यांवर हिरवा उजेड पडला.

“ह्या कोण, ताई?” पावसकरने हळुवारपणे विचारलं. “आई का तुमच्या?”