माठातली नाडी

नव्वद मीटर उंचावर, क्रेनच्या केबिनमध्ये, मैनाने डबा उघडला आणि चटणीचा झणझणीत वास सुटला. क्रेनला मात्र पत्ताच नाही! तिच्या लेखी मैना खाली सावलीत बसली होती.

वाळवंटात भाड्याने येणाऱ्या क्रेनला मालक आता मेंदू बसवून देत. चालक वर बसो की खालून यंत्र चालवो, मनगटावरची नाडीपट्टी मेंदूला सांगे, तो कुठे आहे, किती तापलाय. अंग फार तापलं की क्रेन तासभर ठप्प. नियम भलाच होता, पण मग सूर्यमनोरा उभा कधी राहायचा? म्हणून साइटवर युक्ती निघाली. मैनाची पट्टी घालायची खालच्या इशारेवाल्याने, दस्तगीरचाचांनी. माठाला टेकून.

तीनला आभाळ तपकिरी झालं.

"पोरी, वादळ! उतर आधी!" वॉकीटॉकीवर चाचा ओरडले.

मैना उठली, तोच खट्! दाराला कुलूप.

"केबिन रिकामी. वादळासाठी बंद करत आहे," मेंदू म्हणाला. गार हवा थांबली. क्रेनने स्वतःला वाऱ्यावर मोकळं सोडलं; वारा नेईल तिकडे केबिन फिरू लागली.

"अगं बये, मी आत आहे!" मैनाने काचेवर मुठी आपटल्या.

"चालक मैनावती कोळेकर खाली आहेत. प्रकृती उत्तम."

"उत्तम कसली? मला बीपी आहे!" चाचा किंचाळले. "थांब, पट्टी घेऊन वर येतो."

"वेडे झालात? एवढं चढता चढता उडून जाल!"

आतला तापमानाचा काटा बावन्नवर. जीभ टाळूला चिकटलेली. वादळ संध्याकाळपर्यंत हटणार नव्हतं आणि तोवर मैना टिकणार नव्हती. अचानक तिला प्रशिक्षणातला नियम आठवला. चालक मेला, तर मेंदू सगळी कुलपं उघडतो, दुसऱ्या चालकासाठी.

"चाचा, पट्टी काढा. माठात बुडवा."



"मग तू मेलीस बघ, मैने. सगळ्या क्रेनचा मेंदू एकच. पुन्हा कुठेच बसू देणार नाही."

सहा वर्षं खाली साखळ्या बांधून मिळालेली ही खुर्ची. मैनाने खुर्चीच्या हातावर एकदा हात फिरवला.

"बुडवा."

पट्टीवरची नाडी थांबली, अंग गार पडलं. "चालक मृत," मेंदू शांतपणे म्हणाला आणि दार उघडलं. मैना रांगत खांबाच्या आतल्या शिडीत घुसली आणि वादळ सरेपर्यंत कठड्याला मिठी मारून बसली.

सकाळी तिने पट्टी चढवली आणि क्रेनच्या पायाशी उभी राहिली.

"ही पट्टी मृत चालकाची आहे. कृपया नातेवाइकांकडे द्या," मेंदू म्हणाला.

चाचांना हसू फुटलं, पण ते अर्ध्यातच विरलं. "खरं काय ते सांगून टाक त्याला. सगळं."

"खरंच तर सांगत होते काल," मैना वर रिकाम्या केबिनकडे बघत म्हणाली. "तेव्हा ऐकलं का त्याने?"