एक उत्तर रिकामं

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहानच आहे, पण हळू आवाजात सांगायची आहे. लांबून ऐकलीत तर अर्धी वाऱ्यावर जाईल. प्रेमाची आहे. आणि प्रेम आलं की देव काही फार लांब नसतो, एवढं मनाशी धरून ऐका.

एक मुलगी होती. छापायच्या पुस्तकांची पानं ती घरबसल्या कॉम्प्युटरवर लावून द्यायची. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई कपडे शिवायची. भिंतीला टेकून आईचं शिलाई मशीन, खिडकीपाशी लेकीचा कॉम्प्युटर. मशीन आईसारखंच काटक, कॉम्प्युटर मात्र पहिल्यापासून नाजूक प्रकृतीचा.

एका दुपारी त्याने मान टाकली. पडदा काळाठिक्कर. ती कपाळाला हात लावून बसली होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण. खांद्याला बॅग, जिने चढून लागलेली धाप.

"कॉम्प्युटर बंद पडलाय ना?"

"हो... पण तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच फोन केलात की."

"मी कुठे केला?"

त्याने दारावरचा आकडा पाहिला, मग वर जाणारा जिना. "अरेच्चा. वरचा मजला." तो वळला, दोन पायऱ्या चढला आणि थबकला. "पण... बंद पडलाय ना?"

वरचे काका त्या दिवशी अंधार पडेपर्यंत वाट बघत बसले. देव त्यांचं भलं करो.

"ऑपरेटिंग सिस्टीमच गेली," तो म्हणाला. "आतला सगळा कारभार पुसून नव्याने बसवावा लागेल."

"वेळ लागेल?"

"सबुरी."

आईला हा शब्द असा आवडला, की त्या दिवसापासून त्याचं नावच सबुरी पडलं.

आता बघा, हा कारभार नव्याने बसवायचा म्हणजे काय, तर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते आणि घटकेघटकेला अडून काहीतरी विचारते. भाषा कोणती? घड्याळ कुठलं? नाव काय? तो वाचायचा, ती उत्तर द्यायची.

"आणखी कोणी वापरणार आहे का?"

"आई, तू?"

"मला माझं एक यंत्र पुरे," आई मशीनवरून म्हणाली.

"मग मी एकटीच."

"एकटीच," तो पुटपुटला, आणि ती जागा रिकामी सोडून पुढे गेला.

सगळं झाल्यावर तिने माऊस उचलून डावीकडे ठेवला. त्याने ते पाहिलं.

"डावखुऱ्या?"

"का? चालत नाही?"

"चालतं की. बटणं उलटी करून देतो, बोट अवघडणार नाही." आजवर तिच्या डाव्या हाताला सगळ्यांनी नावं ठेवली होती. त्याच्यासाठी जग उलटं करून देणारा हा पहिलाच.

कॉम्प्युटर जुना. पाऊस आला की आजारी, ऊन तापलं की आजारी. आणि सबुरी यायचा. फॉन्ट एकेक करून बसवायचा, दुपार कलायची, चहा निवायचा.

"आज ही पट्टी फारच रेंगाळतेय," ती एकदा म्हणाली.

"मीच सांगितलंय तिला."

ती हसली नाही. पण खिडकीकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी बघत राहिली, आणि खिडकीबाहेर तर समोरची भिंत होती.

मग एक दिवस तो न बोलावता आला. हातात छोटासा पेनड्राइव्ह.

"तुमच्यासाठी सोपं करून ठेवलंय. हा लावायचा आणि एकदा बटण दाबायचं. बाकी सगळं तो आपोआप बसवेल. फॉन्टसुद्धा. काल तुम्ही छापखान्यात होतात तेव्हा इथे बसूनच शेवटचा हात फिरवला. आईंनी चहा दिला."

"म्हणजे आता तुम्ही यायला नको."

"...नको."

"छान केलंत."

"मला दुसऱ्या गावी काम लागलंय. परवा निघतो. म्हटलं, मागे तुमचं अडायला नको."

माणूस किती चांगला असावा, आणि त्या चांगुलपणाचा किती राग यावा! तिने पेनड्राइव्ह घेतला. "सांभाळून जा," म्हणाली. एवढंच. जिन्यावरची पावलं मात्र तिने खालच्या दारापर्यंत ऐकली.

पेनड्राइव्ह आईच्या बटणांच्या डब्यात पडून राहिला. पावसाळी हवा आली, कॉम्प्युटरने पुन्हा मान टाकली, तरी तिने डबा उघडला नाही. छापखान्याचे मालक फोनवर करवादले, "अहो, पानं कुठे आहेत?" तर ही म्हणते, "सबुरी."

आई सुईत दोरा ओवत म्हणाली, "वापरायचं नव्हतं तर घेतलंस कशाला?"

"वापरलं की संपेल, आई. मग त्याला बोलवायला कारणच उरणार नाही."

"काम खोळंबलंय लोकांचं. लाव बाई."

तिने लावला. बटण दाबलं. पट्टी सरसर धावली, कुठे अडली नाही, काही विचारलं नाही. पडदा उजळला, तोही निःशब्द. आईची दुपारची झोप मोडू नये म्हणून सुरू होतानाचा आवाज त्याने बंद करून ठेवला होता. फॉन्ट तिला लागतात त्याच क्रमाने. माऊसची बटणं उलटी. तिच्या सवयींचं घरच जणू त्याने आत मांडून ठेवलं होतं. तिचे डोळे भरून आले.

आणि तिथे, अगदी शेवटी, ते अडलं.

*आणखी कोणी वापरणार आहे का? नाव लिहा.*

खाली रिकामी जागा. त्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती... कोणीतरी दाराशी उभं राहून बेल वाजवायला कचरावं, तशी.

तिने फोन लावला.

"तुमचं सोपं काम अडलंय."

"कुठे?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठे."

"बाकीची उत्तरं मला माहीत होती. ते एक... मी कसं भरणार?"

"रिकामं सोडलं तर?"

"तर पुढे जाईल. काही बिघडणार नाही." त्याचा आवाज खाली गेला. "कॉम्प्युटरचं."

"आणि मी फोनच केला नसता तर?"

"रोज उशाशी फोन घेऊन झोपतोय. तुमचा कॉम्प्युटर बिघडू दे म्हणून देवाला साकडं घातलंय. पाप लागणार मला."

ती हसली. रडत होती, तरी हसली. डाव्या हाताने एकेक अक्षर दाबू लागली.

"काय लिहिताय?"

"येऊन बघा."

"रविवारी येऊ?"

"उद्या. सबुरी पुरे झाली आता." मग तिला काहीतरी सुचलं. "खरं सांगा, ही युक्ती तुमची नाही."

"नाही," तो कबूल झाला. "मी तर एकही प्रश्न ठेवला नव्हता. त्या दिवशी चहा देताना आई म्हणाल्या, सगळं सोपं केलंस, बरं केलंस. पण दोऱ्याच्या टोकाला एक गाठ ठेव बाबा. गाठ नसली की टाका धरत नाही."

तिने वळून पाहिलं. आई मशीनवर मान घालून शिवत होती, जणू काही ऐकलंच नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच. तेव्हा मंडळी, तुमचं काही नव्याने मांडायची वेळ आली, आणि शेवटी एखादं उत्तर रिकामं राहिलं, तर घाईने पुढे जाऊ नका. आधी त्या आईची आठवण काढा.