आत्याचं गॉस्पेल

"गॉस्पेल आहे का?" असं मी विचारलं आणि सीडींच्या दुकानातल्या काउंटरमागच्या माणसाचा चेहरा असा खुलला, जणू मी त्याच्या घरच्यांचीच चौकशी केली होती. त्याने लगेच एक सीडी काढून दिली.

नजर मंदावलेली माझी आत्या हात जोडून ऐकायला बसली. ढोल वाजले, टाळ्या पडल्या, पन्नास गळे एकदम गाऊ लागले. आत्या शांतपणे म्हणाली, "छान आहे गं... पण मत्तय कुठाय?"

तिला बायबलमधली शुभवर्तमानं हवी होती. मत्तय, मार्क, लूक, योहान, कुणीतरी वाचलेली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात. दोन्हींना गॉस्पेलच म्हणतात, त्याने समजावलं. मूळ अर्थ चांगली बातमी. ती बातमी जीव ओतून गाणाऱ्यांच्या गाण्यांनाही तेच नाव पडलं. मग म्हणाला, आपल्या भाषेतलं वाचन दुकानात नाही, पण मागे त्याची रेकॉर्डिंगची खोली आहे... मी वाचेन का?

सीडी मात्र आत्याने परत देऊ दिली नाही.

दातांच्या दवाखान्यातलं काम आटपलं की मी तिकडे जायचे. भिंतींवर जुनी ब्लँकेटं, एक खुर्ची, एक माइक, आणि काचेपलीकडे तो. त्याने बोट वर केलं की मी वाचायला लागायचे. अध्याय संपला की तो गुणगुणायचा, आणि माझ्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न करायचा.

मार्क भराभर संपला. लूकपर्यंत त्याच्या हसण्याआधीचं खाकरणं मला ओळखू यायला लागलं. योहान सुरू झाला तसं तो सारखं थांबवू लागला, "परत एकदा वाचता? बाहेर हॉर्न वाजला." मीही सावकाश वाचू लागले. हे संपल्यावर इथे यायला कारण काय उरणार?

शेवटी संपलंच. "झालं," तो म्हणाला. "झालं," मी म्हणाले. दिवसभर लोकांना 'आ करा' सांगणारी मी, स्वतः तोंड न उघडता घरी आले.

आठवडाभर आत्या ते रेकॉर्डिंग ऐकत होती. योहान ऐकून संपला त्या दुपारी तिने मला जवळ बसवलं.

"हा हॉर्नवाला कोण?"

त्याची सगळी 'परत एकदा' तशीच राहिली होती म्हणे. "एकही हॉर्न वाजलेला नाही," आत्या म्हणाली. "डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. त्याला घरी घेऊन ये."

संध्याकाळी दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये तुमचं बोलणं कापायचं राहिलंय.

तो कानापर्यंत लाल झाला. "राहिलं नाही... ठेवलं. समोर बोलायला जमेना. वाटलं, ऐकाल तेव्हा कळेल."

"मी ऐकलंच नाही. आत्याने ऐकलं."

त्याने कपाळावर हात मारला. ती काय म्हणाली, विचारलं. मी निरोप दिला.

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते... आता 'तुम्ही' नको."

त्याने दुकानातलं गाणं बंद केलं. काउंटरला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू..." तो हळूच म्हणाला आणि अडखळला.

मला कसलीच घाई नव्हती.