मागचा प्लग

जोड असा द्यावा की उद्या काढता यावा. बाबांनी मला समजावून शिकवलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळं मी झटके खाऊन शिकले, विजेचे आणि त्यांचेही. मोटरसायकलला जादा काहीही बसवायचं असो, दिवे, हॉर्न, मोबाइलचा चार्जर, मी कंपनीची मूळ वायर कापत नाही. बॅटरीवरून वेगळी लाइन घ्यायची, वाटेत फ्यूज टाकायचा आणि सीटखाली कपलर, म्हणजे सुटा होणारा जोड, ठेवायचा. कपलर दाबून ओढला की सगळं लटांबर बाहेर, गाडी जशीच्या तशी. लोक दारात उभे राहून विचारतात, "मिस्त्री आहेत का?" मी म्हणते, "आहेत, बोला." मग ते माझ्या मागे बघतात, आत आणखी कुणी आहे का म्हणून. आता मला त्याचं हसूही येत नाही.

धाकटीने जुनी गाडी घेतली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. धाकटी म्हणजे माझी बहीण. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. खाली माझं वर्कशॉप, वर आमच्या दोन खोल्या. तिला ऐन थंडीत एकटीने डोंगर ओलांडून पलीकडे जायचं होतं.

"थंडीतच का?"

"रस्ता मोकळा असतो गं, ताई."

"मोकळा असतो, कारण शहाणी माणसं घरात असतात."

पण ही ऐकेल तर शपथ. तिने विजेवर तापणारं जॅकेट आणलं होतं. आत केसासारख्या बारीक वायरी, गाडीच्या बॅटरीला जोडलं की अंग शेकतं. त्याची लाइन मी टाकून द्यायची होती. मी कुरकुरले, पण मनातून मला ते बरंच वाटलं. घाटात बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबणार कशाने? ती नीट जाऊन नीट परत यावी, एवढंच मला हवं होतं.

"विकणाऱ्याने एकच विचारलं," मी सीट उघडत होते तेव्हा ती सांगत होती. "एकट्याच बसणार ना? मी हो म्हटलं, तर म्हणाला, मग हरकत नाही."

"एकटी आहेस हे परक्याला कशाला सांगायचं? अक्कल गहाण टाकलीस का?"

"ताई, गाडी विकत होता तो. मला मागणी नव्हता घालत."

सीटखाली, मागे बसणाऱ्याच्या बाजूला, एक प्लग निघाला. असल्याच जॅकेटचा. काम बघायला मी टॉर्च जवळ नेला. टेप इतकी एकसारखी गुंडाळलेली की माझ्याच हातची वाटावी. फक्त कपलर नव्हता. जोडांवर सोल्डर, त्यावर काहीतरी चिकट ओतून वाळवलेलं, वायर गाडीच्या सांगाड्याला पक्की आवळलेली. बसवणाऱ्याला ती पुन्हा सोडवायचीच नव्हती. पण बॅटरीकडचं टोक कुणीतरी तोडलं होतं. पक्कडीने कापलं नव्हतं, पिळून पिळून तोडलं होतं. म्हणजे वायर मेलेली. मी ती प्लगसकट खरवडून काढली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. प्लग हाताला कोमट लागला. ऊन पडलं असेल, म्हटलं. वर्कशॉपच्या त्या कोपऱ्यात ऊन येत नाही, हे मला नंतर आठवलं.

माझी लाइन तयार झाली. धाकटी जॅकेट घालून पुढे बसली, प्लग जोडला, गाडी चालू केली. मी वायरीला करंट मोजायचा चिमट्याचा मीटर अडकवला. जॅकेट सहा अँपिअर खातं. मीटरने बारा दाखवले. फ्यूज उडाला.

दुसरा घातला, तोही गेला. जॅकेट टेबलावरच्या बॅटरीला लावून बघितलं, तिथे बरोबर सहा. वायर नवी, जोड माझे. मी तरीही सगळी लाइन वीतवीत चाचपली. कुठे सोललेली नाही, कुठे टेकलेली नाही. मला माझाच राग यायला लागला. इतकी वर्षं भाजी निवडली की काय मी?

"प्लग काढ आणि उतर," मी म्हटलं. फ्यूज बदलला.

ती उतरली आणि जॅकेट काढून लांब जाऊन उभी राहिली. लाइनच्या टोकाला आता काहीच नव्हतं, नुसता मोकळा प्लग लोंबत होता. मीटरने शून्य दाखवायला हवं होतं.

सहा.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पोहऱ्यात होतं. मी मीटर बदलला. सहाच. मग कसं सुचलं कोण जाणे, मी मागच्या सीटवर तळहात ठेवला. गरम होती. कडा गार, फक्त मधे, एक माणूस बसेल तेवढी जागा गरम.

"इथे कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. मी तर पुढे होते." मग ती हसली. "तुझ्या हातालाच ताप आलाय."

मी हात काढून घेतला. परत ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी मी कपलर ओढून सगळी लाइन बाहेर काढली आणि खिळ्याला टांगली. "ही गाडी जाणार नाही," मी सांगून टाकलं. "मी दुसरी बघून देते. घाई कसली आहे?"

"कारण सांग."

वायरिंगमध्ये दोष आहे म्हटलं.

"दोष आहे तर दुरुस्त कर की! तूच मिस्त्री ना?" ती तणतणत जिना चढली. वरून ओरडली, "राहू दे तुझी वायर. दोन स्वेटर घालीन."

मीही हट्टाने वर गेले नाही. भंगाराचा डबा पायाने आत सरकवायला गेले, मग वाकून त्यात हात घातला. बाकीचं लोखंड गारठलेलं होतं. तो प्लग अजून कोमट होता, कुणाच्या तरी खिशातून आत्ताच काढल्यासारखा.

सकाळी गाडीच्या आवाजाने जाग आली. खिडकीशी धावले तोवर ती वळणावर पोचली होती. हाक मारली, तिने मागे बघितलं नाही. एक गोष्ट मात्र मी नीट पाहिली. ऐसपैस बसायची सवय आहे तिला, त्यावरून मी नेहमी टोकते. आज ती टाकीला चिकटून बसली होती, अंग चोरून, मागे जागा ठेवून.

त्या दिवशी माझ्या हातून एक काम धड झालं नाही. एकाचा इंडिकेटर उलटा जोडला. फोन लावला की बंद. मन चिंती ते वैरी न चिंती. बधिर बोटं, ओला रस्ता, दरीकडचं वळण. लाइन मीच काढली होती. खिळ्याला लटकलेली ती वायर सारखी दिसत होती. काहीही असतं तरी पोरीला ऊब तरी मिळाली असती.

दुपारी तिचा फोन आला. मी रडलेच.

"अगं, रडतेस काय? पोचले मी वर. एका टपरीवर चहा घेतेय. ताई, तू पण ना! काढलं काढलं म्हणालीस आणि गुपचूप बसवून ठेवलंस."

"काय बसवलं?"

"आता नाटकं नकोत. घाटभर जॅकेटमध्ये पाठ कसली उबदार होती माझी! प्लगसुद्धा लावावा लागला नाही. पुढून मात्र गारठले गं, दात वाजतायत अजून. पुढचं काहीतरी राहिलंय तुझं."

मी खिळ्याकडे बघितलं. लाइन तिथेच होती, तिचा फ्यूजही तिच्यात होता.

"गाडी कुठे आहे?"

"खाली, रस्त्याकडेला."

"आणि जॅकेट?"

"काढून ठेवलंय समोर बाकावर. चहा सांडला त्याच्यावर."

गाडी तिथेच टाक आणि मिळेल त्या बसने ये, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"धाकटे, आत्ता... आत्ता तुझी पाठ कशी आहे?"

चहाच्या भांड्यांचा आवाज येत राहिला.

"गरम," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "ताई, हे बंद कसं करायचं?"

दुसरा हात आपसूक भंगाराच्या डब्यात गेला. तो प्लग लगेच सापडला.

थंडगार होता.