न पडलेला हात

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते.

साल १९५४, चैत्रातली दुपार. चाकणच्या आमच्या घरात पडवीभर कांदा पसरलेला.

थोरल्या जाऊबाई, अंबुबाई, पुन्हा पडल्या होत्या. दातखीळ. हातपाय ताडताड उडत होते.

त्यांची लेक इंदू तापानं गेल्यापासून हे सुरू झालं होतं.

सासूबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला. मग वहाण.

पुण्याचे डॉक्टर आले, तेव्हाही झटके चालूच होते. सासूबाईंनी सरळच विचारलं, "फेफरं हाय का? असंल तर माहेरी धाडते हिला. मला दुसरी सून बघायची हाय."

डॉक्टरांनी जाऊबाईंचा हात उचलला, त्यांच्याच तोंडावर धरला...

आणि सोडला.

हात बाजूला पडला.

"फेफऱ्यात तोंडावर आपटला असता. हे फेफरं नाही, आजी. सोंगही नाही. कोंडलेलं दुःख आहे. वहाण ठेवा आधी. पोरीचं नाव घेता का घरात?"

"मेलेल्या लेकराचं नाव घेत न्हाईत, डागदर. ते मागारी येतं."

"येऊ द्या की!" डॉक्टर हसले. "घ्या कुणीतरी."

कुणी पुढे होईना. मी वाकले. कानात म्हटलं, "इंदू..."

झटके थांबले.

डॉक्टर खूश झाले. त्यांनी पुन्हा हात उचलला. सोडला...

हात पडला नाही.

तसाच अधांतरी राहिला. दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, टोकाला पांढरी. कुणीतरी मुठीत आवळावीत तशी.

इंदू आईची दोनच बोटं धरून चालायची.

मग हात सावकाश खाली आला.

डॉक्टर हसायचे थांबले. बॅग उचलत एवढंच म्हणाले, "बऱ्या होतील."

झाल्याही. माहेरी जावं लागलं नाही. पुन्हा झटका आला नाही. फक्त चालताना तो हात जरासा खाली, बाजूला धरलेला असायचा.

त्या गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चाकणला कंपन्या आल्या, पडवी गेली.

गेल्या वर्षी मला अर्धांगवायू झाला. उजवा हात बधिर आहे. शालन मालिशीला येते. परवा तिनं हात उचलून सोडला...

"आजी, खाली सोडा ना. कशाला ताठ धरलाय?"

मी धरला नव्हता.

दोन बोटं पांढरी झाली होती.

नाव मी घेतलं होतं, म्हणून असेल. भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही. बोटं धरणारा हात गार आहे की ऊन, तेवढंसुद्धा मला कळत नाही.