थांबडॉक्टरांची गाठ

घाबरू नका, भर दुपारची गोष्ट आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या पित्ताशयात खडे झाले होते. मी ऑपरेशन थिएटरातली नर्स, म्हणून मीच तिला दटावून आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेलं.

"ताई, तू आत असशील ना?"

"नाहीतर काय बाहेर माशा मारत बसू?"

तशी माझ्याही उजव्या बरगडीखाली अधूनमधून कळ यायची. पण ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचे मोठे सर्जन गेल्याच वर्षी वारले. काय हात होता त्यांचा! डावखुरे, तोंडात कायम लवंग, आणि घाई म्हणून ठाऊक नाही. शिकाऊ डॉक्टरनं घाई केली की ट्रेवर चिमटा वाजवायचे, टक... टक... "थांब. आधी बघ." पाठीमागे आम्ही त्यांना थांबडॉक्टरच म्हणायचो. काढलेले खडे बाटलीत घालून पेशंटला द्यायचे, आणि बाटलीच्या तोंडाला काळा रेशमी दोरा स्वतः बांधायचे. ती उलट्या हाताची गाठ आमच्यापैकी कुणालाच कधी जमली नाही.

त्या दिवशी ऑपरेशन करत होत्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाई. पोटात दुर्बीण घातली की पडद्यावर नीट दिसावं म्हणून दिवे मालवतात. काळोख, मशिनची संथ पीप-पीप, आणि पडद्यावर माझ्या बहिणीचं पोट. पित्ताशय सुजून आजूबाजूला घट्ट चिकटलं होतं. बाईंनी एक नळी मोकळी केली आणि ती कापायला कात्री पुढे नेली.

टक... टक...

"सिस्टर, कोण वाजवतंय?"

"कुणी नाही, बाई..."

माझे दोन्ही हात रिकामे होते. ट्रेवरचा चिमटा मात्र अजून हलत होता. मास्कमधूनही लवंगेचा वास आला...

बाईंचा हात थिजला. "थांबा... आधी बघू दे मला."

पित्ताशयात एक्स-रेवर उमटणारं औषध सोडून त्यांनी फोटो काढला. ती पित्ताशयाची नळी नव्हतीच, यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी होती! कापली असती तर धाकटी जन्माची आजारी झाली असती, कदाचित हातची गेली असती.

मग बाईंनी खरी नळी शोधली, मुख्य नळीत अडकलेला खडाही अलगद काढला. सरांचाच हात, दुसरं काय म्हणू?

संध्याकाळी धाकटी शुद्धीवर आली. उशाशी खड्यांची बाटली होती. तोंडाला काळा रेशमी दोरा, उलट्या हाताची गाठ.

"मी नाही बांधली..." बाई हळूच म्हणाल्या. "तसला दोरा आता आपल्याकडे येतही नाही."

मी मनोमन हात जोडले. माझी बहीण त्यांनी परत दिली होती, मग भीती कसली?

"ताई, आणि ही कुणाची गं?"

पहिल्या बाटलीमागे दुसरी होती. रिकामी, धुऊन पुसून ठेवलेली. शेजारी काळ्या दोऱ्याचा तुकडा, कापून तयार.

माझा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला.